दुसऱ्याच्या तोंडचा ‘मी’

रमजान लागला की आमच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो. ‘‘सर, पाणीसुद्धा नाही?’’ मी म्हणतो, ‘‘नाही.’’ मग विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते तिच्यात खोटं काही नसतं. गेली कित्येक वर्षं आमचे एक सहकारी या महिन्यात माझ्यासमोर डबा उघडत नाहीत. मी हजारदा सांगून झालं, तरी ते ग्रंथालयाच्या मागच्या पायरीवर जाऊन जेवतात. त्यांना तिथे ऊन लागतं आणि मला इथे अपराधी वाटतं, असा आमचा रमजान.

दुसरा प्रश्न असतो, ‘‘पण हे कशासाठी?’’ त्याला माझं उत्तर पाठ होतं: गरिबाची भूक कळावी म्हणून. शाळेत मौलवीसाहेबांनी हेच सांगितलं होतं आणि मीही तेच पुढे सांगत आलो. खरं तर कुराणात रोज्याचं कारण दिलं आहे ते ‘तकवा’, म्हणजे ईश्वराची जाण ठेवून स्वतःला आवरणं. गरिबाच्या भुकेची गोष्ट त्याला नंतर लोकांनी जोडली. वाईट नाही जोडली. पण यंदाच्या हिवाळ्यात वर्गात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून हे पाठ उत्तर माझ्या तोंडून सहज निघत नाही.

मी द्वितीय वर्षाला मराठी शिकवतो. त्या दिवसांत एकनाथांची भारुडं चालू होती. नाथांनी सव्वाशेच्या आसपास विषयांवर भारुडं रचली. त्यांत कोण बोलत नाही ते विचारा. वासुदेव, जोशी, पिंगळा, गोंधळी बोलतात. आंधळा, बहिरा, मुका, पांगळा बोलतात. वेडी बोलते, फकीर बोलतो, आणि तो बोलतो तेव्हा भाषाही दखनी वळणाची होते. सासरी गांजलेली सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि घरातल्या एकेकाला उचल म्हणते. हे भारूड वर्गात वाचलं की मुली आधी हसतात आणि मग एकमेकींकडे बघतात. नाथांचा रोख अध्यात्माकडे, सासू-सासरे म्हणजे विकार वगैरे, ते मी सांगतोच. पण चारशे वर्षं हे भारूड टिकलं ते ऐकणाऱ्या सुनांना त्यात आधी आपली सासू दिसली म्हणून, असं माझं मत आहे. परीक्षेत ते लिहू नका, असंही मी बजावतो.

तर मी मुलांना गृहपाठ दिला. आजच्या काळातला एखादा गांजलेला माणूस निवडा, त्याच्या तोंडून गाणं लिहा. ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं. कुणी एटीएमच्या पहारेकऱ्याचं लिहिलं, कुणी हप्ते थकलेल्या रिक्षावाल्याचं. मागच्या बाकावरच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने दारुड्या बापाचं लिहिलं. ते इतकं खरं होतं की मी ते मोठ्याने वाचलं नाही, नुसती सही करून परत दिलं. एका हुशार मुलाने ऊसतोड करणाऱ्या बाईचं गाणं लिहिलं होतं. त्याचा आवाजही चांगला. गाण्यात चांदणं होतं, उसाच्या फडात बांधलेली झोळी होती, बाळ होतं आणि आईच्या डोळ्यांतल्या पाण्याने भिजलेला कोयता होता. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बीडकडची, वसतिगृहात राहणारी. म्हणाली, ‘‘सर, माझी आई अशी रडत नाही. ती मोजते.’’

वर्ग गप्प झाला. तिची आई ऊसतोडीला जाते हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. तिनेच ते दीड वर्ष जपून ठेवलेलं होतं.

मग ती उभ्या उभ्या बोलली. दिवाळीच्या आगेमागे आईबाप निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला सहा महिने. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. बाप तोडतो, आई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत नेऊन भरते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. ‘‘चांदणं असलं तर बरंच, कारण दिसतं. ती चांदण्याकडे बघत बसत नाही,’’ असं ती म्हणाली. आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून आजारीही पडायचं नाही. २०१९ साली ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची केवढी चर्चा झाली, सरकारला समिती नेमावी लागली, ते तुम्हाला आठवत असेल. त्या चर्चेच्या मुळाशीही हा खाडाच होता. ‘‘आई मोळ्या मोजते. खेपा मोजते. उचल किती फिटली ते मोजते. माझ्या परीक्षेला किती दिवस राहिले ते मोजते. रडायचं असेल तर गावी आल्यावर.’’

एवढं बोलून ती बसली. पुढचे दोन दिवस वर्गात आली नाही. हे दोन दिवस मला फार जड गेले. गाणं लिहायला सांगितलं होतं, आणि एका मुलीचं झाकलेलं मी चव्हाट्यावर आणून बसलो होतो.

गृहपाठ देताना माझ्या मनात जे होतं ते नाथांचं बोट धरूनच आलं होतं. वारकरी परंपरेत ‘जोहार’ नावाचा प्रकार आहे. जोहार म्हणजे महाराने गावाला घालायचा नमस्कार. मंगळवेढ्याचे चोखोबा चौदाव्या शतकातले. त्यांनी जोहार लिहिले, आणि त्यांचा ‘मी’ त्यांचा स्वतःचा होता. आपण फार भुकेलो आहोत आणि उष्ट्यासाठी दारात आलो आहोत, असं ते सरळ सांगतात. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी पैठणच्या ब्राह्मण घरातले एकनाथ जोहार लिहितात. त्यांच्या जोहारातला महार शहाणा आहे, ज्ञानी आहे, तो गावाला देहाचा आणि कर्माचा हिशेब समजावतो. सोळाव्या शतकात पैठणच्या ब्राह्मणाने महाराच्या तोंडी ज्ञान घालणं ही लहान गोष्ट नव्हती. एलिनॉर झेलियट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी चोखोबा आणि एकनाथ यांना शेजारी ठेवून लिहिलं आहे. ते वाचल्यापासून मीही वर्गात दोघांचे जोहार एकापाठोपाठ वाचतो.

वाचताना फरक एकाच जागी बोचतो. चोखोबांच्या जोहारात भूक आहे. नाथांच्या जोहारात भुकेची जागा ज्ञानाने घेतली आहे. नाथांना कळवळा नव्हता असं कोण म्हणेल? वाळवंटात तापलेल्या महाराच्या पोराला त्यांनी कडेवर घेतलं, श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या महार कुटुंबाला जेवू घातला, या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कळवळा होता. पण नाथांच्या घरी रात्री चूल पेटत होती.

माझ्या रोज्याचंही तेच आहे. पहाटे सहरीला पोळी, खिमा, वर दही. दिवसभर पोटात कालवतं, चारच्या तासाला डोकं जड होतं, हे खरं. पण साडेसहाच्या सुमाराला दस्तरखान मांडला जाणार आहे, खजूर आहे, भजी आहेत, रूहअफ्जा आहे, हे मला सकाळपासून ठाऊक असतं. माझ्या भुकेला संध्याकाळ आहे. ज्याची भूक मला कळावी असं मी म्हणतो, त्याच्या भुकेला नेमकी तीच नाही.

आमच्या उर्दूत साहिर लुधियानवीने ही अडचण ओळखली होती असं मला वाटतं. ‘चकले’ ही त्याची नज्म वेश्यावस्तीवर आहे. गुरुदत्तने ती ‘प्यासा’मध्ये १९५७ साली घेतली. मूळ ध्रुवपद फारसी वळणाचं, जड. ते सिनेमासाठी सोपं केलं आणि रफीच्या आवाजात सगळ्या देशाने ऐकलं. त्यात साहिर त्या बाईच्या तोंडून बोलत नाही. त्या गल्लीतून चाललेला माणूस बोलतो आणि देशाचा अभिमान मिरवणाऱ्यांना हाक मारून विचारतो की आता कुठे आहात? तिचा ‘मी’ त्याने उचलला नाही. एरवी शब्दांना मुळीच न घाबरणारा हा कवी, म्हणून त्याने हे जाणून केलं असावं.

पण मग दुसऱ्याच्या जागी उभं राहून लिहायचंच नाही का? तसं ठरवलं तर भारूड गेलं, निम्मी लावणी गेली, आणि नजीर अकबराबादीही गेले. नजीर हे अठराव्या शतकातले आग्र्याचे कवी. ईद, होळी, दिवाळी, कृष्णजन्म, सगळ्यांवर लिहिणारे. गरिबीवर, रोटीवर लिहिलं. ककडीवर, टरबुजावर, तिळाच्या लाडवांवरही लिहिलं. त्यांच्यावर हबीब तन्वीर यांनी १९५४ साली ‘आगरा बाजार’ हे नाटक केलं. दिल्लीच्या जामियातले लोक आणि शेजारच्या ओखला गावचे गावकरी त्यात होते. नाटकातल्या ककडीवाल्याची ककडी विकली जात नाही. कुणी आपल्या ककडीवर एक कविता करून द्यावी म्हणून तो मोठमोठ्या शायरांच्या मागे फिरतो. ते नाक मुरडतात. शेवटी त्याला नजीरची कविता मिळते, तो ती गात सुटतो आणि ककडी खपते. गंमत अशी की नाटकभर नजीर स्वतः रंगमंचावर येतच नाहीत. गाणं ककडीवाल्याच्या तोंडी असतं आणि कवी कुठेच नसतो.

मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे की ककडीवाल्याने गाणं मागितलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी आली. गाणं लिहिणाऱ्या मुलाने तिला गाठून माफी मागितली होती म्हणे. ती म्हणाली, माफी नको, वही दे. दोघांनी ग्रंथालयात बसून गाणं पुन्हा लिहिलं. चांदणं गेलं, डोळ्यांतलं पाणी गेलं. ध्रुवपद मोजणीचं झालं:

पहिली मोळी उचलीची, दुसरी मोळी खाड्याची,
तिसरी मोळी मुकादमाची, चौथी गाडीभाड्याची,
मोजत मोजत रात सरली, माझी मोळी कोणती गं?

झोळी मात्र तिने राहू दिली. म्हणाली, ‘‘झोळी खरी आहे. मी होते तिच्यात.’’

मग तिने फोनवर आईला ते ऐकवलं. आई तेव्हा फडावर होती. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग विचारलं, ‘‘हे कुठं म्हणणार?’’ गॅदरिंगमध्ये, असं सांगितल्यावर म्हणाली, ‘‘म्हणा. पण माझं नाव घालू नका, गावाचंबी नको. मुकादम वळखंल.’’ म्हणून मीही इथे कुणाचं नाव लिहिलेलं नाही. जानेवारीत गाणं झालं. टाळ्या पहिल्या वेळेपेक्षा कमी पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी मला विचारलं, ‘‘यात भावना जरा कमी नाही का वाटत?’’ मी काय उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही.

ती मुलगी ‘मोजते’ म्हणाली तेव्हा मला खरं तर आमची फुफी आठवली होती. फुफी म्हणजे आत्या. वाचकहो, ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती, आणि आज लिहितोय ती तिला विचारून.

फुफा मुंबईला कामाला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. मेले नाहीत, तलाक दिला नाही, पत्र नाही. मी तेव्हा लहान होतो. फुफी आमच्याच घरी राहिली, फॉल-पिको करून तिने एक मुलगा वाढवला. बावीस वर्षांचा असताना मी तिच्यावर एक नज्म लिहिली. सगळी ‘मैं’मध्ये: दाराशी जळणारा दिवा, ओली उशी, येणाऱ्या जाणाऱ्या पावलांचे आवाज. गावच्या मुशायऱ्यात वाचली. लोकांनी ‘मुकर्रर, मुकर्रर’ करून काही शेर तीनतीनदा म्हणायला लावले. बायका बसल्या होत्या त्या बाजूला पडदा होता. पडद्यामागे फुफी आहे हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर, ती असेल याचा मला आनंदच होता.

दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या वेळी, भजी तळता तळता, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘कल तू मेरे मुंह से बहुत बोल्या. मेरेकू पुछ्या था क्या?’’ मला विचारलं होतंस का? मी गप्प. मग म्हणाली, ‘‘उस रात मैं रोई नै. दूधवाले का हिसाब देना था, वोइच सोच रही थी.’’ तिला दूधवाल्याचे पैसे द्यायचे होते. ओली उशी माझी होती, तिची नव्हती.

मी ती नज्म पुन्हा कुठे वाचली नाही. छापलीही नाही. काही दिवसांनी तीच मला म्हणाली, ‘‘लिखना है तो उसका लिख. वो बोलेगा, ऐसा लिख. क्यूं गया, मेरेकू समझना है.’’ फुफांच्या तोंडून लिही म्हणाली. सोडून जाणाऱ्याचा ‘मी’.

याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. मी विद्यार्थ्यांना पहारेकऱ्यांच्या, रिक्षावाल्यांच्या जागी उभं राहायला सांगतो, पण मला फुफांच्या जागी उभं राहता आलेलं नाही. गांजलेल्या बाईच्या बाजूने बोलताना आपण आपोआप चांगले ठरतो, त्यामुळे ते सोपं जातं. ज्याने घर मोडलं, त्यालाही काही सलत असेल, कर्ज असेल, लाज असेल, कदाचित नुसता भित्रेपणा असेल, ते त्याच्या तोंडून म्हणायचं तर आधी त्याला घरात घ्यावं लागतं. आमच्या घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही.

फुफीला आता साखरेचा आजार आहे, रोजे जमत नाहीत. ज्याला कायमच्या आजारामुळे रोजा धरता येत नाही, त्याने दर रोज्यामागे एका गरजू माणसाला जेवू घालायचं असतं. त्याला फिदिया म्हणतात. कुराणात रोज्याचा आदेश आला की लगेच पुढच्या आयतीत हे जेवू घालणं येतं. भूक कळली की नाही हे तिथे कुणी विचारत नाही, ताट वाढलं का एवढंच. बरेच लोक हिशेब करून पैसे देऊन मोकळे होतात. फुफीला ते पटत नाही. आमच्या कोपऱ्यावर एका बांधकामावर रात्रपाळीचा एक म्हातारा पहारेकरी आहे, नांदेडकडचा. रोज संध्याकाळी त्याचा डबा जातो, आणि दुसऱ्या दिवशी डबा परत आला की फुफी नातवाला विचारते, ‘‘मीठ बरोबर होतं का म्हणाला?’’ एकदा त्याने निरोप पाठवला की वांगं नको, पोटाला बाधतं. तेव्हापासून वांगं बंद. फुफीने त्याच्यावर कधी गाणं केलं नाही. पण त्याला काय बाधतं ते तिला माहीत आहे.

ऊसतोडीवरची ती आई अजून परतलेली नाही. कारखान्याचा हंगाम संपत आला आहे. मुलगी रोज फोन करून किती ऊस उभा आहे ते विचारते आणि वर्गात येऊन मला सांगते. आता तीही मोजते. मीही.

यंदा तिसऱ्या रोज्याला सहरीनंतर झोप आली नाही. वही काढली आणि फुफांच्या तोंडून लिहायला बसलो. मुंबईतली खोली, पाळी, पहिल्या महिन्याचा न पाठवलेला पगार, दुसऱ्या महिन्याची लाज, तिसऱ्या महिन्यात पत्र लिहायला घेतलं आणि पहिलाच शब्द सुचेना. फजरच्या नमाजपर्यंत आठ ओळी झाल्या. बावीसच्या वयात एवढ्यावर मी मुशायरा गाठला असता.

संध्याकाळी इफ्तारच्या आधी फुफीजवळ बसलो. म्हटलं, ‘‘फुफी, वो लिखा हूं. सुनाऊं?’’ या वेळी विचारलं. ती खजुराच्या बिया काढत होती. मान हलवली. मी वाचलं. तिने हात थांबवले नाहीत, पण दोन खजूर बियांसकट ताटात गेले.

वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘इत्ता अच्छा नै था वो.’’ थोडं थांबून, ‘‘पगारवाला रहन दे. बाकी फिर से लिख.’’

मशिदीतून अजान आली. तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, ‘‘ले, रोजा खोल. बिया देख के खा.’’